हातात सव्वासातशे

१ जानेवारी १९८८, शुक्रवार
कामतघर. सुताच्या व्यापाऱ्याने काल ऑफिसला तीन डायऱ्या पाठवल्या. एक शेठना, एक धाकट्या शेठना. तिसरी कोणीच उचलेना, ती मी आणली. म्हणजे कारखान्यात नंबर तीन मी. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण डायरीवरून कळतं.

शुक्रवारी कारखान्यांची पॉवर बंद, म्हणून सुट्टी. लूमचा खडखडाट बंद असला तरी चाळीत सगळे सवयीने ओरडूनच बोलतात.

यंदाचे संकल्प: पगारवाढ मागणे, याच महिन्यात. रोज इंग्रजी पेपरचा एक कॉलम वाचणे. डायरी रोज लिहिणे.

३ जानेवारी, रविवार
काल लिहायचं राहिलं. सुट्टीनंतर काम तुंबतं.

ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा पगाराचं एकदा स्पष्ट लिहून टाकतो. नारपोलीला शेठच्या पॉवरलूममध्ये मी, यादव, एकवीस वर्षं मेहताजी आहे. कारीगरांनी विणलेल्या कापडाचे ताके मोजायचे, कोणाचे किती झाले ते लिहायचं, पंधरवड्याला ज्याची त्याची मजुरी काढून द्यायची. लोक मेहताजी म्हणतात. काम पाहिलं तर मॅनेजर-कम-अकाउंटंटचं.

घरी सांगितलेला पगार अकराशे. हातात सव्वासातशे. मधले पावणेचारशे पीएफला कापतात, असं बायकोला, कलावतीला, माहीत आहे. लग्न ठरताना सासऱ्यांनी पगार विचारला, तेव्हा तोंडून थोडा जास्त आकडा गेला. पहिल्या महिन्याला तिने पाकीट उघडलं आणि विचारलं, बाकीचे? म्हटलं, पीएफ. तेव्हापासून चालू आहे.

आमच्याकडे पीएफ कापत नाहीत हे खरं. पण म्हणून मी खोटं बोललो असं होत नाही. माझ्या कामाची खरी किंमत अकराशे आहे. शेठ देतात सव्वासातशे. उरलेले दर महिन्याला त्यांच्याकडेच राहतात. मालकाकडे दर महिन्याला साठत जाणारी नोकराची रक्कम, याला पीएफ नाही तर काय म्हणायचं? तत्त्वतः पीएफच.

आज बसून हिशोब केला. अठरा वर्षांचे, सुरुवातीला थोडे आणि पुढे वाढत गेलेले, व्याजासकट, बावन्न हजार तीनशे. आकडा बघून बरं वाटलं. संध्याकाळी मटण आणलं.

९ जानेवारी, शनिवार
माणसाला त्याचा पगार विचारू नये म्हणतात. मी विचारत नाही, काढून घेतो. आजपर्यंतची माहिती:
बँकेतला कारकून, नाक्यावरची ब्रँच: दोन हजारांच्या वर. मॅट्रिक सेकंड क्लास. मीही मॅट्रिक सेकंड क्लास.
शाळामास्तर: सतराशे. वर दिवाळीची आणि मेची सुट्टी.
रिक्षावाला: पेट्रोल आणि मालकाचं भाडं जाऊन रोजचे पन्नास-साठ. शिक्षण चौथी.
आमच्या चाळीतला चिंधू, माझ्याच कारखान्यात कारीगर: सहा लूम चालवतो, पंधरवड्याला चारशे साठ. म्हणजे महिन्याला माझ्यापेक्षा एकशे पंच्याण्णव जास्त. त्याची मजुरी मीच मोजून देतो, म्हणून नक्की.

पण त्याची ती मजुरी. माझा पगार. बारा तास उभं राहून कानाचे पडदे फाटल्यावर मिळतात ते पैसे वेगळे, आणि खुर्चीवर बसून, इस्त्रीच्या शर्टात मिळतात ते वेगळे. हे चिंधूला समजणार नाही. आज म्हणत होता, "मेहताजी, आमच्यासारखं मीटरच्या मजुरीवर या ना. पैसा दिसेल." हसलो. 

२६ जानेवारी, मंगळवार
सासरे आले होते, अंजूरहून. राघोमामा ठाण्याला एका सरकारी ऑफिसात शिपाई आहेत. दोन वर्षांत रिटायर होतील. चौथ्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली म्हणून पेढे घेऊन आले. पगार आता सगळा धरून साडेबाराशे.

शिपाई! साहेबाच्या दारात स्टुलावर बसायचं आणि बेल वाजली की उठायचं.

जेवण झाल्यावर मला म्हणाले, "जावाय, मैनाची यंदा बारावी हाय. पोरगी हुशार हाय. पाच हजार मी बाजूला काढतो, तिच्या पुढल्या शिक्षनाला. नाय म्हनू नका." कलावती दारात उभी होती. तिचा चेहरा उजळलेला मला दिसला.

मी सांगितलं, मामा, माझ्या मुलीसाठी माझा पीएफ आहे. बावन्न हजार. व्याज वेगळं वाढतंय.

 मामा म्हणाले, "तुमचं बरं हाय बाबा. मंग मी घरावर पत्रे टाकतो." जावई म्हणून निवडलेल्या माणसाबद्दल अठरा वर्षांनी त्यांना खात्री पटली असावी. चांगला दिवस गेला.

१५ फेब्रुवारी, सोमवार
पगारवाढ जानेवारीत मागायची राहिली. बरंच झालं. जानेवारीत सगळेच मागतात.

अर्ज इंग्रजीत लिहिला. 'मोस्ट रिस्पेक्टफुली' दोनदा आलं होतं, एक काढलं. मागणी अकराशेची. म्हणजे मग घरी काही वेगळं सांगावं लागणार नाही. पीएफ आपोआप बंद होईल.

१७ फेब्रुवारी, बुधवार
अर्ज खिशात होता. शेठ फोनवर होते. सुताचा भाव चढलाय. अशा वेळी मागणं म्हणजे अडाणीपणा.

९ मार्च, बुधवार
अर्ज दिला!

शेठनी वाचला नाही, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, "यादव, तुम तो घर के आदमी हो. घर के आदमी को ये सब लिखना पडता है क्या?" मग स्पेशल चहा मागवला. एकवीस वर्षांत स्पेशल पहिल्यांदा. धाकटे शेठ बघतच राहिले.

कारीगरांना ते घरचे म्हणत नाहीत. चिंधूला तर 'ए सहा नंबर' म्हणतात. या गोष्टी रुपयांत मोजता येत नाहीत. मोजल्याच तर किमान दीडशे.

१४ एप्रिल, गुरुवार
जयंती. सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. वर्गणीचे आकडे माइकवर सांगत होते. चिंधूने एक्कावन्न दिले. रिक्षावाल्याने एकशे एक. माझं नाव आलं तेव्हा सगळे वळून बघायला लागले, म्हणून दोनशे एक्कावन्न म्हणालो. टाळ्या पडल्या.

घरी कलावती म्हणाली, "अहो, मैनाला चप्पल नाय घेतली अजून." म्हटलं, समाजात आपलं एक स्थान आहे. ती म्हणाली, "हाय ना. पण ते पायात घालता येत न्हाय."

वर्गणी तीन हप्त्यांत देईन. अध्यक्षांना सांगितलं, माझ्या ऑफिसात एप्रिल एंडिंग असतं.

१० जून, शुक्रवार
मैना बारावी पास! एकसष्ट टक्के, सायन्स. आमच्या अख्ख्या लायनीत सायन्सने पास झालेली पहिली मुलगी. पेढे वाटले. तिला नर्स व्हायचंय. कल्याणला एक खाजगी नर्सिंग स्कूल आहे, तिथला फॉर्म तिने कधीच भरलाय. मला आज कळलं.

तिने चौकशीही केली आहे. कोर्स संपल्यावर सरकारी हॉस्पिटलात लागली तर सुरुवातीलाच चौदाशे. वर ड्रेसचे पैसे. मी म्हटलं, मुलगी बापाच्या पुढे जाणार. मैना म्हणाली, "कुठे बाबा, तुमच्या अकराशेला वर पीएफ आहे."

हिशोबात हुशार आहे. माझ्यावर गेली.

२५ जून, शनिवार
मैनाचं सिलेक्शन झालं. लिस्टमध्ये अकरावी. फी, डिपॉझिट, हॉस्टेल, युनिफॉर्म धरून सहा हजार चारशे. शेवटची तारीख १५ जुलै. नाही भरली तर सीट वेटिंगवाल्याला.

कलावती म्हणाली, "पीएफमधून काढा." म्हटलं, अर्थातच. त्यासाठीच तर तो आहे.

आता करायचं ते:
शेठकडून सहा हजार चारशे उचल मागणे. महिना दोनशे कापून घ्या म्हणायचं. घरच्या माणसाला नाही म्हणणार नाहीत. म्हणजे तत्त्वतः पीएफमधूनच काढल्यासारखं.

४ जुलै, सोमवार
शेठ शनिवारपर्यंत गावी गेलेत. धाकट्या शेठना मी अशा गोष्टी विचारत नाही. कलावतीला सांगितलं, पीएफचा फॉर्म मागवलाय.

९ जुलै, शनिवार
शेठ आले. विचारलं. म्हणाले, "यादव, धंदे का हाल देख रहे हो." पाचशे देतो म्हणाले, तेही दिवाळीच्या बोनसमधून वळते करणार.

पाचशे नाकारले. पाचशे घेतले असते तर सहा हजारांचा विषय कायमचा बंद झाला असता. बोलणी करताना घाई करायची नसते. घरी सांगितलं, फॉर्म आला, सही राहिली आहे.

मैनाने कॉलेजच्या यादीप्रमाणे पांढरं कापड पसंत करून ठेवलंय. दुकानदाराला म्हणे बाजूला ठेवायला सांगितलं.

१२ जुलै, मंगळवार
कलावतीने विचारलं, "सही कोणाची राहिली हाय?" म्हटलं, ठाण्याच्या साहेबाची. "त्या साहेबाचं नाव काय?" म्हटलं, सरकारी कामात नावं नसतात.  तिने पेटीतलं लुगडं काढून इस्त्रीला दिलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

दुसरा मार्ग: अंजूरला जाऊन मामांकडून पाच हजार घेणे. तात्पुरते. पण जानेवारीत मी जे बोललो ते बोललो. शिवाय पत्रे टाकून झालेत.

१३ जुलै, बुधवार
हे नीट क्रमाने लिहितो.

अकरा वाजता शेठनी मला बँकेत पाठवलं. मी नसताना कलावती कारखान्यात आली. इस्त्रीचं लुगडं नेसून, मैनाचं ॲडमिशनचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. आजवर ती कधी कारखान्यात आली नव्हती. पुढचं चिंधूने सांगितलं.

शेठना नमस्कार करून म्हणाली, "शेठ, पोरीचं ॲडमिशन हाय, परवा शेवटची तारीख. ह्यांच्या पीएफवर तेवढी सही करा."

शेठ म्हणाले, "कौनसा पीएफ?"

ती म्हणाली, "अठरा वर्षं कापता तो. बावन्न हजार झालेत."

शेठ आधी हसले. मग हसायचे थांबले. विचारलं, "बाई, तुला हे कोणी शिकवलं? युनियनवाल्यांनी पाठवलं काय?" ती म्हणाली, "नवऱ्याने सांगितलंय." तेव्हा शेठ म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला मी सव्वासातशे देतो. पूर्ण देतो. एक पैसा कापत नाही. त्याला विचार, बाकीचं त्याने कुठून आणलं."

मी चिंधूला म्हटलं, लूमच्या आवाजात बाकी कोणाला ऐकू गेलं नसेल. चिंधू म्हणाला, "मेहताजी, पॉवर गेली होती."

संध्याकाळी घरी आलो. जेवण झाकून ठेवलं होतं.  मैना शेजारी गेली होती. मी म्हटलं, शेठ बाहेरच्या माणसासमोर पीएफचं कबूल करत नाहीत, टॅक्सचा प्रश्न असतो. कलावतीने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि पाणी आणायला गेली.

१५ जुलै, शुक्रवार
शेवटची तारीख. सुट्टी असल्यामुळे कुठे हालचाल करता आली नाही.

कलावती काल सकाळीच माहेरी गेली होती, आज दुपारी आली. मामांकडे सातशे होते. तिने आपली कर्णफुलं मोडली, त्याचे आठशे. ती आणि मैना पंधराशे घेऊन कल्याणला गेल्या. बाकीचे महिन्याभरात देतो म्हणाल्या. तिथल्या बाईने सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा आहे.

मैना घरी आल्यावर मला म्हणाली, "बाबा, आधी सांगितलं असतं तर सरकारी कॉलेजचा फॉर्म भरला असता. त्याची तारीख मेमध्ये होती. तिथे फी नव्हती."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आता आठवत नाही.

२० जुलै, बुधवार
शेठनी बोलावून टाइप केलेला कागद पुढे ठेवला. इंग्रजीत. सोबत पंधराशे रुपये, रोख, कोऱ्या नोटा. म्हणाले, सही कर. कागदावर लिहिलं होतं, 'फुल अँड फायनल सेटलमेंट'. एकवीस वर्षांनी का होईना, सेटल केलं. खाली बारीक अक्षरात 'पार्ट टाइम' वगैरे होतं. तो छापील नमुना असावा. कारखान्याच्या कागदावर माझं नाव टाइप झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेठ म्हणाले, "थोडा आराम कर. गणपती के बाद देखेंगे." म्हणजे भरपगारी रजा. तसं ते म्हणाले नाहीत, पण पंधराशे म्हणजे दोन महिन्यांचा पगार. हिशोब बरोबर बसतो.

पंधराशे कलावतीच्या हातात दिले. तिने विचारलं, "कशाचे?" म्हटलं, रजेचे. तिने आठशे मैनाच्या हातात दिले, कर्णफुलं सोडवून आणायला. मोडलेलं सोडवता येत नाही, हे तिला मैनाने समजावून सांगितलं.

२ ऑगस्ट, मंगळवार
रजा चालू. विश्रांतीमुळे विचार स्पष्ट होतात.

कलावती कालपासून नारपोलीत आनंदीबाईकडे घडीकामाला जाते. लूमवरचे ताके तिथे येतात, बायका मीटर-मीटरच्या घड्या घालून थप्प्या लावतात. मी विरोध केला. मेहताजीची बायको बायकांच्या रांगेत जमिनीवर बसणार. ती म्हणाली, "डबा फळीवर ठेवलाय." आणि गेली.

१७ ऑगस्ट, बुधवार
सहज कारखान्यावर गेलो. माझ्या खुर्चीवर धाकट्या शेठचा मेहुणा. माझ्या वह्या त्याच्यापुढे. चिंधूचे ताके मोजत होता आणि एक चुकला होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "आप कौन?"

शेठ म्हणाले, "यादव, तुझी बाई येऊन पीएफ मागते, उद्या तू लेबर ऑफिसर आणशील. घर के आदमी से मुझे ये उम्मीद नहीं थी." मी म्हटलं, शेठ, तो पीएफ नव्हताच, ते आपलं आमच्या घरातलं होतं. शेठ म्हणाले, "तो फिर ठीक है." आणि सुताच्या गाडीकडे गेले.

गणपतीनंतर बघू म्हणालेच होते. तेव्हा ठीक आहे.

२२ ऑगस्ट, सोमवार
चिंधू अडून बसला म्हणून त्याच्याबरोबर एका वकिलाकडे गेलो. कामगारांच्या केसेस लढतो, फी नंतर घेतो. त्याने प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली.

कारखान्यात माणसं किती? म्हटलं, दोन्ही शिफ्टचे मिळून छत्तीस.

वकील खुर्चीत पुढे झाला. म्हणाला, "वीस माणसं असली की पीएफ कायद्यानेच लागू होतो. तुमच्या बायकोने मागितला तो तुमचा हक्कच होता."

क्षणभर बावन्न हजार तीनशे डोळ्यांपुढे आले. मी चिंधूकडे बघितलं. म्हटलं ना मी!

मग त्याने विचारलं, हजेरीच्या मस्टरवर नावं किती? म्हटलं, अठरा. म्हणाला, छत्तीस माणसं आणि अठरा नावं? म्हटलं, कारखाना दोन नावांवर आहे, एक शेठच्या, एक त्यांच्या मिसेसच्या. अठरा इकडे, अठरा तिकडे. म्हणजे वीस होत नाहीत. ही युक्ती कोणाची? शेठची. आणि मस्टर लिहीत कोण होतं?

म्हटलं, मी. अक्षर चांगलं आहे म्हणून.

तुमचं स्वतःचं नाव कुठल्या मस्टरवर?

कुठल्याच नाही. मस्टर कारीगरांचा असतो. शेठनी सुरुवातीला विचारलं होतं, तुझं टाकायचं का. मीच नको म्हटलं होतं. अंगठेवाल्यांच्या रांगेत माझी सही कशाला?

वकिलाने पेन खाली ठेवलं. 'फुल अँड फायनल'चं सांगितल्यावर टोपण लावलं. म्हणाला, "एकवीस वर्षं तुम्ही तिथे होतात, याचा एक कागद आणा. एक." चहा पाजला. फी घेतली नाही.

 परत येताना चिंधू कामतघरच्या नाक्यावर थांबला आणि म्हणाला, "माझं नाव मिसेसच्या मस्टरवर होतं ना?" म्हटलं, हो. "म्हणजे माझाबी पीएफ तूच खाल्लास." अरेतुरे पहिल्यांदा केलं. मी म्हटलं, मी एक पैसा खाल्ला नाही. तो म्हणाला, "ते तर सगळ्यात वाईट हाय."

१९ सप्टेंबर, सोमवार
चार कारखान्यांत मुलाखती. पगाराची अपेक्षा नऊशे सांगितली. उत्तरं: चारशे. साडेचारशे, दोन्ही शिफ्टला. 'कळवतो.' चौथ्याने विचारलं, "आधीच्या शेठची चिठ्ठी?" सगळीकडे सांगितलं, विचार करून कळवतो. आपली किंमत आपणच पाडायची नाही.

माझ्या जागेवर तरुण पोरं तीनशेत बसतात. कॉमर्सची. मार्केट बिघडवून ठेवलंय.

२० ऑक्टोबर, गुरुवार
मैना एका डॉक्टरच्या दवाखान्यात लागली. अडीचशे. केसपेपर लिहायचे, सुया उकळायच्या, फरशी पुसायची. मी लोकांना सांगतो, नर्सिंगच्या लाइनमध्ये आहे. काल शेजाऱ्यांना तिच्यासमोरच सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी झाडू मारते तिथे." आणि आत गेली. मला म्हणाली नाही, शेजाऱ्यांना म्हणाली.

कल्याणला तिच्या जागी वेटिंगमधली पहिली मुलगी गेली. मैनाची मैत्रीणच. रविवारी पांढऱ्या ड्रेसमध्ये भेटायला आली होती. मैनाने तिला पोहे केले, वह्या मागून घेतल्या आणि बसून वाचल्या.

इंग्रजी पेपर बंद केला. महिन्याचे पंचवीस वाचतात.

१२ नोव्हेंबर, शनिवार
दिवाळी झाली. बोनस नाही. शेठच्या घरी शुभेच्छा द्यायला गेलो. वॉचमनने मिठाईचा पुडा बाहेर आणून दिला. कारीगरांना वाटतात तो, पाव किलोचा. स्टाफचा अर्ध्या किलोचा असतो. वॉचमनची चूक.

पुडा वाटेत रिक्षा स्टँडजवळच्या बाकावर ठेवून आलो. घरी नेला असता तर कलावतीने वजन ओळखलं असतं. तिने गेल्या चार महिन्यांत मला पैशाबद्दल एक शब्द विचारला नाही. आधी वाटलं, विसरली. आता वाटतं, विचारलं असतं तर बरं.

२८ नोव्हेंबर, सोमवार
काल रात्रीचं जेवण वाढताना कलावती म्हणाली, "आनंदीबाईकडे एक माणूस कमी हाय. पुरुष चालेल." म्हटलं, सुपरवायझर हवा असेल तर मी विचार करेन. ती म्हणाली, "सकाळी आठला निघायचंय."

गेलो. इस्त्रीचा शर्ट, खिशात मॅट्रिकचं सर्टिफिकेट. लांबलचक गाळा, पत्र्याखाली तेरा बायका आणि ताक्यांचे ढीग. आनंदीबाई पन्नाशीची, विधवा, शाळेत गेलेली नाही. नवऱ्यामागे दोन बायका घेऊन काम सुरू केलं, आता तेरा आहेत. सर्टिफिकेट तिने उलटं धरलं आणि परत दिलं. "सुपरवायझर मीच हाय. घडी घालता येते का?" म्हटलं, ताके मोजण्यात एकवीस वर्षं गेली. "मोजायला मी हाय. घडी घालता येते का?"

मग तिने विचारलं, "रेट बोला. बायकांना मी ताक्याला पंचवीस पैशे देते. तुम्ही किती घेनार?"

कामतघरपासून चालत येताना पूर्ण रस्ता मी याच प्रश्नाची तयारी केली होती. अनुभव, शिक्षण, पुरुषाचं काम, सगळं मुद्देसूद. गाळ्यात बायकांचे हात थांबले होते. कलावती खाली बघून घडी घालत होती, तिचा हात थांबला नव्हता.

म्हटलं, द्याल ते.

३ डिसेंबर, शनिवार
पहिला आठवडा. कंबर. घडीचा काठ काठाला लागत नाही. शेजारच्या बाईने दोनदा दाखवलं. एकवीस वर्षं ताका हातात घेतला, पण उलगडला कधीच नव्हता.

डायरी रोज लिहिणं जमणार नाही. बोटांना कापडाची खळ लागते, पेन घसरतं.

१७ डिसेंबर, शनिवार
आठवड्याचे अडीचशे ताके. त्यातले चाळीस-पन्नास आनंदीबाईने परत टाकले होते, काठ वाकडे म्हणून. ते कलावतीने जेवणाच्या सुट्टीत उलगडले, पुन्हा घातले आणि माझ्या थप्पीवर ठेवले. मी बघत होतो.  जेवण तिने केलंच नाही.

चार वाजता पैसे वाटले. माझे साडेबासष्ट. कलावतीचे एकशे चार.

बाहेर आल्यावर माझे सगळे तिच्या हातात दिले. तिने रस्त्यातच उभं राहून मोजले. मी सांगितले तेवढेच भरले. पदराला बांधायच्या आधी त्यातली पाचाची नोट काढून माझ्यापुढे धरली.

"चहाला असू दे," म्हणाली.

घेतली.